शून्य गुण की गैरहजर? : एका पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांस पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

आपल्या टेबलाशेजारच्या स्टुलावर मी उणीपुरी चाळीस मिनिटे बसलो होतो, त्याला आता अडीच वर्षे होतील. त्यानंतर आपली भेट झाली नाही. पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली पाहून निदान करणारे डॉक्टर, रुग्णाला समोर बसवून तपासत नाहीत आणि रुग्णही त्यांना ओळखत नाही. अहवालाच्या तळाशी असलेली सही हीच काय ती ओळख. सर्जनला पेढे मिळतात, केमो देणाऱ्या डॉक्टरांच्या नावाने घरात नमस्कार होतो, पण गाठीचा स्वभाव ज्यांनी वाचला त्यांचे नावही बहुतेक घरांना माहीत नसते. आमच्या घरापुरती ही चूक दुरुस्त करावी म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपल्याला प्रसिद्धीचे वावडे आहे हे ठाऊक असल्याने आपले नाव मात्र लिहिलेले नाही.

आईचे वय तेव्हा 61 होते. डाव्या स्तनातल्या गाठीची आधी सुईने ट्रूकट बायोप्सी झाली, कर्करोग असल्याचे ठरले आणि तीन आठवड्यांनी शस्त्रक्रिया झाली. ती शनिवारी दुपारी आटोपली. काढलेला भाग प्लास्टिकच्या बरणीत घालून माझ्या हातात देण्यात आला आणि लॅबमध्ये पोहोचवायला सांगण्यात आले. मी मोटरसायकलवरून गेलो तेव्हा लॅबला कुलूप होते. सोमवारी सकाळपर्यंत ती बरणी आमच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली. झाकण जरा सैल केले तरी फॉर्मालिनचा, म्हणजे काढलेला भाग टिकवणाऱ्या द्रावाचा, वास डोळ्यांना झोंबत असे, आणि त्या झोंबण्यावरूनच आत औषध भरपूर आहे अशी मी समजूत करून घेतली. प्रत्यक्षात तो भाग बरणीत धड बुडालेलाही नव्हता.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. ग्रेड 2, काखेतल्या 14 लसिकाग्रंथींपैकी एकीत आजार, ईआर (इस्ट्रोजेन या हार्मोनचा ग्राहक) निगेटिव्ह, पीआर (प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक) निगेटिव्ह, हर-टू (पेशींची वाढ चेतवणाऱ्या एका जनुकाची खूण) 2+. ग्राहक म्हणजे हार्मोन जिथे जाऊन चिकटते ते पेशीतले प्रथिन. एका नातेवाइकाने तो वाचून मान हलवली आणि ‘हा वाईट प्रकार दिसतो’ असे म्हटले. कोणीतरी सुचवले म्हणून तपासणीच्या काचा आणि तुकडे मेणात बसवलेले ब्लॉक घेऊन मी आपल्याकडे आलो.

आपण काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि बराच वेळ काहीच बोलला नाहीत. मग दोघांना एकाच वेळी पाहता येते त्या यंत्राच्या दुसऱ्या नळीला डोळा लावायला मला सांगितले. निळसर पेशींचा विस्कळीत घोळका दिसला, ती गाठ. त्याच्या कडेला एक नीटस वर्तुळ होते. ते स्तनातल्या निरोगी नलिकेचे आडवे काप असल्याचे आपण सांगितले. या नलिकेतल्या काही पेशींमध्ये इस्ट्रोजेनचा ग्राहक असतोच, त्यामुळे ईआरच्या तपासणीत त्यांची केंद्रके तपकिरी व्हायला हवीत. ती कोरी निळी होती. निरोगी नलिकाच रंगली नाही तर गाठ रंगली नाही याला काय अर्थ, असे आपण अगदी सहज म्हणालात.

मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच गुणपत्रिका आली. परीक्षेला बसून काहीच न आलेल्या मुलाला शून्य मिळते. जो बसलाच नाही त्याच्या नावापुढे गैरहजर लिहितात. आईच्या अहवालात गैरहजर मुलापुढे शून्य लिहिले गेले होते. हे उदाहरण मी बोलून दाखवल्यावर आपण हसलात आणि पुढच्या वर्गात विद्यार्थ्यांना तेच सांगेन म्हणालात. सांगितले असेल तर मला आनंद आहे.

असे का झाले, तेही आपण उलगडून सांगितले. फॉर्मालिन ऊतींमध्ये फार सावकाश शिरते, तासाला साधारण एक मिलिमीटर. एवढा मोठा भाग न कापता तसाच ठेवला तर बाहेरची साल टिकते आणि आतली प्रथिने मधल्या काळात खराब होत राहतात. म्हणून भाग काढल्यापासून तासाभराच्या आत, पावाच्या स्लाइससारखे काप देऊन, त्याच्या दहापट फॉर्मालिनमध्ये तो बुडवावा लागतो आणि निदान सहा तास, फार तर बहात्तर तास ठेवावा लागतो. आमच्या बरणीत यातले काहीच झाले नव्हते. मग आपण तो प्रश्न विचारलात ज्यासाठी मी आजन्म ऋणी आहे: ‘आधीच्या ट्रूकटचा ब्लॉक कुठे आहे?’ सुईने काढलेले ते तुकडे शेवयांसारखे बारीक असतात, त्यामुळे फॉर्मालिन त्यांत लगेच पोहोचते. त्या वेळी खर्च वाचावा म्हणून आम्ही त्यावर ईआर, पीआर, हर-टू या खुणांच्या तपासण्या करून घेतल्या नव्हत्या. ब्लॉक पहिल्या लॅबच्या खोक्यात पडून होता. दुसऱ्या दिवशी मी तो आणून दिला.

आठव्या दिवशी आपला फोन आला. त्या बारीक तुकड्यांत ईआर नव्वद टक्के पेशींमध्ये, तेही गडद, आढळला होता. एक टक्का पेशी रंगल्या तरी अहवालात पॉझिटिव्ह लिहितात, हे तोवर मला ठाऊक झाले होते. हर-टूचे 2+ म्हणजे ‘ठरवता येत नाही’ असेच असते. त्याच तुकड्यांवर फिश ही जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी केल्यावर जनुकाच्या प्रती वाढलेल्या नसल्याचे निघाले.

रोग पुढे कसा वागेल हे सांगणारी खूण वेगळी आणि कोणत्या औषधाला तो दाद देईल हे सांगणारी वेगळी, हा भेद मला आपल्यामुळे कळला. हर-टूची गोष्ट आपण त्यासाठीच सांगितली होती. 1987 साली डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात तो आजार लवकर उलटतो. तेव्हा ती निव्वळ अशुभ खूण होती. 1998 साली अमेरिकेत हर-टूवर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि त्याच खुणेच्या आधारे औषध देता येऊ लागले. ईआर दोन्ही कामे करतो. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीट्सन यांनी 1896 साली इस्ट्रोजेन बनवणारी बीजाशये काढल्यावर काही स्त्रियांच्या गाठी आक्रसल्याचे नोंदवले होते. ग्राहक म्हणजे काय हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे शिकागोत एल्वूड जेन्सन यांनी तो ग्राहक शोधला. आपल्या भिंतीवर डॉ. वसंत खानोलकरांचे छायाचित्र होते. 1941 साली परळला टाटा रुग्णालय सुरू झाले तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या आणि पुण्याच्या कमल रणदिवे यांनी उंदरांच्या स्तनकर्करोगावरचे काम त्यांच्याच हाताखाली केले, हे मी घरी आल्यावर वाचले.

की-67 या खुणेबद्दल आपण दिलेली ताकीदही लक्षात आहे. तिच्या नावातला ‘की’ जर्मनीतल्या कील शहराचा. वाढत्या पेशींचा हा टक्का आईच्या गाठीत 14 होता आणि मी तो आकडा दशांशापर्यंत धरून बसलो होतो. पाचच्या आत किंवा तिसाच्या वर असेल तर त्यावर भिस्त ठेवता येते; मधल्या पट्ट्यात मोजणारा बदलला की आकडा बदलतो, असे आपण सांगितले. गणिताच्या शिक्षकाला हे पचवायला जड गेले, पण एकाच काचेवरच्या दोन कोपऱ्यांतल्या पेशी आपण मला मोजायला लावल्यात आणि माझे उत्तर एकदा 9 तर एकदा 21 आले, तेव्हा वाद संपला.

आई किती वर्षे काढेल, असे मी निघताना विचारलेच. आपण उत्तर दिले नाहीत. अशा खुणा हजार स्त्रियांकडे पाहून काढलेल्या असतात आणि त्या हजारांत तुमची आई कुठे बसते हे काच सांगत नाही, एवढेच म्हणालात. केमो टळेल अशी आशाही आपण दाखवली नाहीत आणि ती टळली नाहीच. पण पाच वर्षांची लेट्रोझोलची, म्हणजे शरीरातले इस्ट्रोजेन कमी करणारी, गोळी सुरू झाली, जी पहिल्या अहवालावरून कोणी लिहून दिली नसती. ईआर पॉझिटिव्ह आजारात पाच वर्षांच्या हार्मोनविरोधी औषधाने पुढच्या पंधरा वर्षांतले या आजाराचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे टॅमॉक्सिफेन या दुसऱ्या हार्मोनविरोधी औषधाच्या मोठ्या चाचण्यांतून दिसले आहे.

बरणी नातेवाइकाच्या हाती देणाऱ्यांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. आपण मात्र माझ्यासमोरच त्या रुग्णालयात फोन लावलात, कोणावर ठपका न ठेवता शनिवारचे भाग कसे ठेवावेत हे समजावलेत, आणि बरणीवर भाग काढल्याची व फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ लिहायला सांगितलीत. गेल्या दिवाळीत गावातल्या एका बाईंची शस्त्रक्रिया तिथेच झाली. त्यांच्या बरणीवर दोन्ही वेळा निळ्या शाईत लिहिलेल्या होत्या. मी मुद्दाम जाऊन पाहिल्या.

आईची गोळी रोज संध्याकाळी दिवा लावल्यानंतर असते. सकाळी बोटे आखडतात, गुडघे कुरकुरतात आणि त्याचे खापर ती गोळीवर व गोळीचे खापर आपल्यावर फोडते. ब्लॉक फेकू नका, पुढेमागे लागतील, असे आपण बजावले होते. ते ठोकळे आईने उन्हाळ्यात मेण वितळेल या धास्तीने माजघरातल्या थंड फडताळात, डब्यात घालून ठेवले आहेत, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्या डब्याला हात लावायची बंदी आहे.

आपला कृतज्ञ,
सांगली जिल्ह्यातील एक गणित शिक्षक