सिल्व्हर्सना 'दुसरे जॅक्सन फाइव्ह' म्हणण्याआधी १९७३ चा तो अल्बम ऐका

संपादक महोदय,

स.न.वि.वि. तुमच्या पुरवणीत सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन सोल आणि फंक या कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकारांवर लेख आला, वाचून खूप बरं वाटलं, मराठी पेपरात या संगीतावर एवढी जागा क्वचितच मिळते. पण त्यात सिल्व्हर्स या फॅमिली ग्रुपला एका ओळीत उरकलंय, 'जॅक्सन फाइव्हच्या यशानंतर आलेली तशीच एक भावंडांची टोळी' एवढंच (जॅक्सन फाइव्ह म्हणजे लहान मायकल जॅक्सन आणि त्याचे भाऊ यांचा ग्रुप), आणि पुढे फक्त 'बूगी फीवर' या गाण्याचं नाव. ही ओळ मला खटकली म्हणून हे पत्र, कारण त्यांचा १९७३ चा 'द सिल्व्हर्स टू' हा अल्बम ज्यांनी ऐकलाय त्यांना असं लिहिताच येणार नाही.

आधी हे साम्य आलं कुठून ते सांगतो. 'बूगी फीवर' १९७६ मध्ये अमेरिकेच्या पॉप चार्टवर एक नंबरला गेलं. ते लिहिलं फ्रेडी पेरेन आणि केनी सेंट लुईस यांनी आणि प्रोड्युस केलं पेरेननी. हे पेरेन म्हणजे मोटाउन कंपनीत जॅक्सन फाइव्हसाठी गाणी बनवणारी जी टीम होती, 'द कॉर्पोरेशन' नावाची, तिच्यातलेच एक, 'आय वॉन्ट यू बॅक' त्याच टीमचं. मग ज्या माणसाने जॅक्सन भावंडांचा साउंड घडवला तोच सिल्व्हर्सकडे आल्यावर दोन्हीकडचं संगीत सारखं वाटणारच ना! पण पेरेन त्यांच्याकडे आले ते सिल्व्हर्स कॅपिटॉल कंपनीत गेल्यावर. त्याच्या आधी एमजीएम कंपनीच्या प्राइड या छोट्या लेबलवर त्यांनी जे केलं त्याच्याशी पेरेनचा काही संबंध नव्हता, तिथे गाणी लिहायला घरचाच माणूस होता.

तो माणूस म्हणजे लिऑन सिल्व्हर्स तिसरा ('तिसरा' हा नावाचाच भाग). जन्म १९५३ चा, म्हणजे हा अल्बम आला तेव्हा वय वीस. आता तुलनाच करायची तर या मुद्द्यावर करा. जॅक्सन भावंडांना मोटाउनमध्ये स्वतःची गाणी लिहायची मोकळीक नव्हती, कंपनी सोडायच्या कारणांमध्ये ते पण एक कारण होतं, आणि इकडे त्याच काळात लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात वाढलेला एक पोरगा स्वतःच्या भावाबहिणींसाठी गाणी लिहितोय, कुणाचा आवाज कुठे बसतो हे त्याला लहानपणापासून पाठ आहे कारण ही मुलं आधीपासून 'लिटल एंजल्स' नावाने एकत्र गायची, आणि त्यामुळे त्याने लिहिलेल्या ओळी त्या गळ्यांसाठीच बनल्यासारख्या वाटतात, बाहेरून कुणी आणून दिल्यासारख्या नाहीत.

दुसरं म्हणजे आवाज. जॅक्सन फाइव्हमध्ये पाच मुलगे, आणि जवळजवळ सगळा खेळ एका लहान मायकलच्या आवाजाभोवती. सिल्व्हर्समध्ये ऑलिम्पिया आणि शार्मेन या बहिणी सुरुवातीपासून होत्या, बरोबर लिऑन, जेम्स, एडमंड, रिकी. बायकांचे आणि पुरुषांचे आवाज एकाच घरातले असले की एक गोष्ट होते ती भाड्याच्या कोरसमध्ये होत नाही, शब्दाचा उच्चार, श्वास कुठे घ्यायचा, स्वर कुठे सोडायचा हे सगळं इतकं जुळतं की एक आवाज कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते नेमकं सांगता येत नाही. आणि लीड, म्हणजे मुख्य गाणारा आवाज, एकाकडेच अडकून राहत नाही.

हे पटत नसेल तर अल्बममधलं 'यस्टरडे' ऐका. हो, बीटल्सचंच. जगात या गाण्याची इतकी व्हर्जन्स झालीत की आता अजून एक कशाला असं कुणालाही वाटेल, मलाही नाव बघून तसंच वाटलं होतं. पण यांनी ते वाद्यांशिवाय गायलंय. नुसते गळे. गिटार नाही, ड्रम नाही, चूक झाली तर झाकायला काहीच नाही. मूळ गाण्यात एकट्या माणसाचं दुःख आहे, इथे तेच दुःख भावंडं मिळून वाटून घेतात आणि त्याने ते हलकं न होता उलट जास्त जड होतं, हेडफोन लावून ऐकलं तर खालचा जाड आवाज आणि वरचा बारीक आवाज यांच्यामध्ये किती थर आहेत ते कळतं. फंकच्या अल्बमवर असा ट्रॅक टाकायला हिंमत लागते आणि त्याहून जास्त रियाज लागतो.

मग 'स्टे अवे फ्रॉम मी'. भावंडांचा ग्रुप म्हटलं की गोडगुलाबी गाणी असणार असं लोक धरून चालतात, आणि इथे गाण्याचं नावच 'माझ्यापासून लांब राहा'. मूड उदास, व्हायोलिन्स भरून आलेल्या, आणि खाली ताल मात्र चालूच, थांबत नाही. दुःखाच्या सुरावर पाय हलायला लावणं ही लिऑनची खासियत आहे असं मला ठामपणे वाटतं आणि ती या अल्बमवर जागोजागी सापडते. 'हँडल इट' पण चुकवू नका, 'क्राय ऑफ अ ड्रीमर' सुद्धा. मी नवीन माणसाला ऐकवताना मात्र 'स्टे अवे फ्रॉम मी'पासूनच सुरू करतो.

मग हा अल्बम मागे का पडला? माझं मत असं की त्याला वेळ आणि घर दोन्ही चुकीची मिळाली. १९७३ मध्येच स्टीव्ही वंडरचा 'इनरव्हिजन्स' आला, मार्विन गेचा 'लेट्स गेट इट ऑन' आला, त्यांच्यापुढे छोट्या लेबलवरच्या पोरांकडे कोण बघणार. एमजीएमकडे ऑस्मंड्ससारखे पॉप स्टार होते, सोलचा बाजार जसा मोटाउनला कळायचा तसा तिथे कळत नव्हता असं मला वाटतं. पहिल्या अल्बममधलं 'विश दॅट आय कुड टॉक टू यू' आरअँडबी चार्टवर (सोल-फंकसारख्या गाण्यांच्या वेगळ्या यादीत) पहिल्या दहात गेलं होतं, म्हणजे ऐकणारे होते, पण दुसऱ्या अल्बमच्या वाट्याला तेवढं पण आलं नाही. आणि त्याच वर्षी यांचाच धाकटा भाऊ फॉस्टर याचं सोलो गाणं 'मिसडिमीनर' गाजलं. अकरा वर्षांचा मुलगा, गाणं लिहिलेलं पुन्हा लिऑनचंच! लोकांना तो लहान मुलगा लक्षात राहिला, मागे बसून लिहिणारा भाऊ नाही राहिला.

तसं बघितलं तर लिऑनला तुमच्या वाचकांनी नक्की ऐकलंय, फक्त नाव माहीत नाही. १९७० च्या दशकाच्या शेवटी तो सोलार रेकॉर्ड्स या कंपनीत प्रोड्युसर झाला, शॅलमार या ग्रुपचं 'द सेकंड टाइम अराउंड', व्हिस्पर्स या ग्रुपचं 'अँड द बीट गोज ऑन' ही त्याच्या हातची कामं. विल स्मिथचं 'मायामी' ज्या तुकड्यावर उभं आहे तो व्हिस्पर्सच्या त्याच गाण्यातला. आणि फॉस्टरचं 'मिसडिमीनर' १९८९ मध्ये हिप हॉप प्रोड्युसर डॉक्टर ड्रेने द डी.ओ.सी. या रॅपरच्या 'इट्स फंकी इनफ'मध्ये वापरलं. म्हणजे डिस्कोनंतरच्या डान्स म्युझिकला आणि पुढे हिप हॉपला ज्या घराने एवढं दिलं त्या घराची ओळख आपण 'जॅक्सनसारखे' अशी करून द्यायची का? मला हे अन्यायाचं वाटतं.

'बूगी फीवर' वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. एडमंडने ते झक्कास गायलंय आणि लग्नात वाजलं तर मी पहिला उठेन. एडमंड आता नाही, २००४ मध्ये गेला, पन्नाशी पण गाठली नव्हती. पण तेच गाणं पहिलं ऐकलं की पुढचं सगळं त्याच चष्म्यातून दिसतं, म्हणून ऐकायचा क्रम उलटा करा, आधी १९७२ चा पहिला अल्बम, मग हा दुसरा, मग कॅपिटॉलचा काळ. एक भाऊ गाणी लिहायला शिकतोय आणि बाकीचे ती गायला शिकतायत हे मग आपोआप ऐकू येतं.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या लेखात हिट गाण्यांची यादी थोडी कमी करा आणि असा एखादा पूर्ण अल्बम घ्या, पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्या ट्रॅकपर्यंत, त्यावर कुणाकडून तरी सविस्तर लिहून घ्या. सिल्व्हर्सपासून सुरुवात केलीत तर फारच उत्तम. त्यानंतर शिकागोच्या बर्क भावंडांचा, म्हणजे फाइव्ह स्टेअरस्टेप्सचा नंबर लावा, त्यांचंही 'ऊ चाइल्ड' सोडून बाकी सगळं असंच धूळ खात पडलंय.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक