हर्टबर्नकरांचे वॉशिंग्टन

चि. मीरा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू इंग्लंडातल्या न्यूकॅसलहून धाडलेला बसचा फोटो पोचला. पाटीवर 'वॉशिंग्टन' वाचून आजी म्हणाली, "ही बसने अमेरिकेला निघाली की काय?" तुलाही ते अमेरिकेवरून नाव उचललेलं गाव वाटलं. उलटं आहे, बाळ. मूळ तेच, तुझ्या बसच्या वाटेवरचं.

बाराव्या शतकात तिकडे विल्यम द हर्टबर्न नावाचा जमीनदार होता. हा 'द' फ्रेंच, त्याचा अर्थ 'चा'. हर्टबर्नचा विल्यम, म्हणजे आपल्या हिशेबाने हर्टबर्नकरच! त्याने डरहॅमच्या बिशपशी गावाची अदलाबदल केली. हर्टबर्न दिलं, वेसिंग्टन, म्हणजे आजचं वॉशिंग्टन, घेतलं. ११८३ साली बिशपने आपल्या मुलखाची पाहणी करून वही तयार केली, त्या 'बोल्डन बुक'मध्ये ही नोंद आहे. गाव बदललं तसं आडनावही बदललं आणि घराणं 'द वेसिंग्टन' झालं.

आपलं बघ. तुझे खापरपणजोबा राजापूर सोडून मिरजेला आले, तेव्हा ते राजापूरकर झाले. राजापुरात राहून कोण कुणाला राजापूरकर म्हणणार? पुढे मिरजही सुटली, पण आपण काही मिरजकर झालो नाही. वॉशिंग्टनांचंही पुढे असंच झालं. त्यांच्यातला लॉरेन्स हा लोकरीचा व्यापारी, नॉर्थॅम्प्टनचा मेयर. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले, तेव्हा १५३९ साली त्याने मठाची सल्ग्रेव्हची जमीन राजाकडून विकत घेतली. तिथे वाडा बांधला, नाव मात्र जुनंच राहिलं.

त्याच्या वंशात आणखी एक लॉरेन्स, हा पाद्री. सदा गुत्त्यात असतो, असा ठपका ठेवून १६४३ साली पार्लमेंटवाल्यांनी त्याला एसेक्समधल्या चर्चमधून काढलं. यादवीचे दिवस आणि हा राजाच्या बाजूचा, तेव्हा त्यात दारू किती आणि राजकारण किती, कोण जाणे. त्याचा मुलगा जॉन १६५६ साली व्हर्जिनियाला गेला तो तिथलाच झाला. जॉर्ज वॉशिंग्टन हा जॉनचा पणतू.

आणि गावाचं नाव? जुन्या इंग्रजीत 'टून' म्हणजे वस्ती. वासा नावाच्या कुणाच्या तरी माणसांची वाडी, असा अर्थ लावतात. कुठला कोण वासा, आज अमेरिकेच्या राजधानीला त्याचं नाव! तिथल्या झेंड्यावरचे दोन लाल पट्टे आणि तीन लाल तारेही या घराण्याच्या ढालीवरचेच.

शनिवारी जाऊन ये. 'वॉशिंग्टन ओल्ड हॉल' बघ. घर बरंचसं सतराव्या शतकातलं. मध्यंतरी त्यात चाळीसारखी बिऱ्हाडं होती, पाडायलाही निघाले होते, पण गावातल्या फ्रेड हिल नावाच्या मास्तरांनी ते वाचवलं. स्वयंपाकघराजवळच्या दगडी कमानी मात्र त्याहून जुन्या, वेसिंग्टनांच्या घरातल्या. त्यांचा फोटो काढ. आजीला मोठा करून दाखवायचा आहे.

स्वेटर विसरू नकोस.

तुझा,
बाबा