परसातला कोळी रंगावरून ओळखू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परसात कोळी दिसला की लोक मोबाईलवर फोटो काढतात आणि लगेच विचारतात हा विषारी आहे का, मग कोणीतरी रंग बघून ठोकून देतं की हो, फार डेंजर, आणि तो बिचारा चपलेखाली जातो. हे थांबायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं म्हणून लिहितेय.

रंगावर अजिबात जाऊ नका. एकाच जातीचे नर मादी कित्येकदा इतके वेगळे दिसतात की जोडी आहे हे खरं वाटत नाही, आणि काही क्रॅब स्पायडर तर ज्या फुलावर बसतात त्याप्रमाणे पांढऱ्याचे पिवळे होतात. त्यापेक्षा डोळे बघा. बहुतेक कोळ्यांना 8 डोळे असतात पण त्यांची मांडणी प्रत्येक कुळात (कुळ म्हणजे जवळच्या जातींचा मोठा गट) वेगळी, म्हणजे समोर दोन मोठ्ठे डोळे आणि तुमच्याकडे वळून बघतोय तर तो जंपिंग स्पायडर, खाली ओळीत 4 बारीक, त्यावर 2 मोठे आणि मागे अजून 2 असतील तर वुल्फ स्पायडर. रात्री टॉर्च डोळ्यांच्या लेव्हलला धरून गवतावर मारा, वुल्फ स्पायडरचे डोळे लांबूनसुद्धा चमकतात, एकदा बघाच!

मादी अंडी कशी नेते त्यावरूनही कळतं. वुल्फची मादी अंड्यांची गोल पिशवी मागे चिकटवून फिरते आणि नंतर पिल्लं पाठीवर घेते, तिच्यासारखीच दिसणारी नर्सरी वेब स्पायडरची मादी मात्र ती पिशवी तोंडात धरते. जाळंही बघा. गोल जाळ्यात मधोमध पांढरी जाड नागमोडी फुली असेल तर बहुतेक सिग्नेचर स्पायडर, आणि कोपऱ्यातल्या विस्कटलेल्या जाळ्यात उलटा लटकलेला, लांब काडीसारख्या पायांचा, हात लावला की गदागदा हलणारा तो सेलर स्पायडर.

यापुढे नेमकी जात सांगणं मात्र फोटोवरून बरेचदा शक्यच नसतं. जगात 50,000 च्या वर जातींची नोंद झालीय आणि कित्येक जाती तर पूर्ण वाढलेल्या कोळ्याची जननेंद्रियं मायक्रोस्कोपखाली बघूनच वेगळ्या करता येतात, त्यामुळे फक्त कुळ सांगणाऱ्याला काही येत नाही असं समजू नका, तोच प्रामाणिक. आणि विषाचं म्हणाल तर ते जवळजवळ सगळ्याच कोळ्यांकडे असतं, किडे मारायला, माणसाला खरा धोका असलेले फार थोडे. तरी उघड्या हाताने पकडू नका, ग्लास आणि कागद वापरून बाहेर सोडता येतो.

आपल्या पेपरला विनंती एवढीच की कोळ्यांचे फोटो छापाल तेव्हा खात्री नसेल तर जातीचं नाव देऊ नका, कुळ द्या, आणि वाचकांकडून फोटो मागवाल तर एक वरून, एक समोरून डोळे दिसतील असा आणि एक जाळ्यासकट असे मागवा, किती मोठा होता तेही लिहायला सांगा.

आपली,
एक नियमित वाचक