उभं रान विकू नका : राखणीसाठी मदतीचं आवाहन

गावातले आणि मुंबई-पुण्याचे ग्रामस्थ, सहहिस्सेदार व माहेरवाशिणी यांना मंडळाचा नमस्कार.

यंदा शिमग्याला जे आले, त्यांनी पालखीबरोबर वरच्या वाडीत जाताना पाहिलंच असेल. पऱ्यापलीकडचा (ओढ्यापलीकडचा) डोंगर बोडका झाला आहे. दिवाळी झाली आणि ठेकेदाराची माणसं उतरली. कटर सुरू झाला तो पंधरा दिवस बंद नव्हता. ऐन, किंजळ, जांभूळ, सगळं साफ. पायवाटेवरचा जुना बेहडाही गेला. त्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेर (धनेश पक्षी) बसायची. मादी आत शिरून ढोलीचं तोंड लिंपून घेते, बारीक फट तेवढी ठेवते, आणि नर बाहेरून तिला उंबरं-फळं भरवतो. फेब्रुवारीत नर आला, दोन दिवस त्या मोकळ्या जागेवर घिरट्या घालून गेला.

ही चोरी नव्हती. सातबारावर एकवीस नावं, त्यातली सोळा मुंबईत. ठेकेदाराने एकेकाला गाठून संमतीपत्रावर सह्या घेतल्या आणि रान उक्तं उचललं. वाट्याला आले नऊ-साडेनऊ हजार. तेवढ्यात गणपतीचा खर्चही भागत नाही! लाकूड गेलं घाटावर, वीटभट्ट्यांना आणि बॉयलरना.

कोकणात सरकारी जंगल थोडं, बहुतेक रान तुमच्या-आमच्या नावावर. 1964 च्या कायद्याने झाडं तोडायला परवानगी लागते खरी, पण मालकच विकायला निघाला तर कायदा कुठवर पुरणार? जुनी माणसंही तोडायचीच. कवळ तोडून भाजावळीला, म्हणजे पेरणीआधी शेत भाजायला, टहाळ न्यायची, पण बुंधा राखायची, तो परत फुटायचा. आता पहिली तोड भरून येण्याआधी दुसरी होते. खोडक्याला जोर राहत नाही, मागे रानमोडीचं तण माजतं, उन्हाळ्यात ते वाळतं आणि एका विडीच्या थोटकाने डोंगरभर वणवा जातो. उरलेल्यावर जेसीबी फिरवून कलमं लावायची. कलमांशी आमचं वैर नाही. 1990 च्या फळबाग योजनेतून मंडळातल्या तिघांच्या बागा उभ्या राहिल्या. पण काजूच्या बागेखालून पऱ्या बारमाही वाहिलेला आम्ही तरी पाहिला नाही.

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तळिये गावावर दरड आली. तसल्या पावसाला कुठलंही रान पुरं पडलं नसतं, हे मान्य. तरी बोडक्या उताराखाली वाडी आहे, हे विसरून चालणार नाही.

आता देवराईला लागून असलेलं 14 एकर रान तेवढं राहिलं आहे. ठेकेदार एकरी 25 हजार द्यायला तयार आहे. मंडळाने ठरवलं आहे की तेवढेच पैसे आपण हिस्सेदारांना द्यायचे आणि दहा वर्षं तोड न करण्याचा करार करायचा. फुकट रान राखा, असं आम्ही कोणाला सांगणार नाही. ज्याला नड आहे तो विकणारच. त्याचे साडेतीन लाख, आणि फेब्रुवारीपासून शंभर दिवस वणव्यावर नजर ठेवणाऱ्या राखणदाराची मजुरी 50 हजार. एकूण चार लाख. पैकी 1,40,000 जमले, 2,60,000 कमी आहेत. दसऱ्यानंतर रस्ते सुकले की ट्रक चढतात, त्याआधी करार व्हायला हवा.

अकरा हिस्सेदारांपैकी सात तयार आहेत. चौघांपर्यंत आम्ही पोचलेलो नाही. तुमचं किंवा तुमच्या काकांचं नाव त्या सातबारावर असेल तर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी मंडळाला एक फोन करा.

मंडळाचा खाते क्रमांक देवळातल्या फलकावर आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे. पाचशेही चालतील. पावती प्रत्येकाला मिळेल आणि गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी देवळात हिशेब वाचून दाखवू. ज्यांना पैसे जमत नाहीत त्यांनी जानेवारीतले दोन रविवार द्यावेत, वणवा अडवायला जाळरेषा (गवत-पाला काढलेला पट्टा) काढायची आहे. कोयते मंडळ देईल. पाणी आणि भाकरी ज्याची त्याने आणावी.

आपली,
ग्रामविकास मंडळाची देवराई समिती