‘मजूर मिळेनात’च्या बातमीत मजुरी कुठे आहे?

महोदय,

गळीत हंगाम सुरू झाला की रेडिओवर एक बातमी ठरलेली असते : ऊसतोडणीला मजूर मिळेनात. शेतकी अधिकाऱ्याचा आवाज, मागे गव्हाणीची (कारखान्यात ऊस टाकतात त्या पट्ट्याची) घरघर, की बातमी संपली. कोणत्या मजुरीला मिळत नाहीत, हे वार्ताहर विचारतच नाही.

जानेवारी २०२४च्या करारात तोडणीदर ३४ टक्के वाढला. ऐकायला घसघशीत, हातात टनाला सुमारे ३६६ रुपये. डोकी सेंटर (मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरणे) आणि गाडी सेंटर (बैलगाडीने ऊस नेणे) यांचे हिशेब वेगळे, म्हणून आधी सेंटर कोणते ते विचारावे. एक कोयता, म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून फळीवर चढून गाडी भरते. पुरते दोन टन धरले तरी ७३२ रुपये, तेही दोघांत. रोजगार हमीचा २०२५-२६चा दर माणशी ३१२ होता, आणि तिथे गाडी रात्री आली म्हणून भरायला उठावे लागत नाही.

खरी गोम उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत आहे. समजा जोडीने मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्याकडून, एक लाख उचलले. ते फिटायला सुमारे २७३ टन तोडावे लागतात, म्हणजे रोज दोन टनांप्रमाणे १३७ दिवस. हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर ७३,२०० रुपयांचे काम होते आणि २६,८०० अंगावर राहतात. किराण्यासाठी घेतलेली खर्ची आणि आजारपणाच्या खाड्याचा दंड त्यावर चढतो तो वेगळाच. ही बाकी पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा त्याच उसाच्या फडात ओढून नेते. जमेच्या बाजूला वाढे, म्हणजे चाऱ्याला जाणारे उसाचे हिरवे शेंडे, असतात. त्यांच्या पेंढ्या विकून रोजचे मीठ-मिरची भागते. हिशेबात तेही धरायला हवे.

मुकादमाची बाजूही खोटी नाही. दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसरीकडे गेलेल्या जोड्या असतात, आणि ट्रॅक्टर-जमीन गुंतवून कारखान्याशी करार केलेला वाहतूकदार त्यात बुडतो. टंचाईची झळ शेवटी शेतकऱ्यालाच. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या एफआरपीतूनच, म्हणजे सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातूनच कापला जातो. वर उसाला तुरा येऊन वजन घटू लागले की तो निमूटपणे मजुरांना खुशाली म्हणून वरचे पैसे देतो, आणि गाडीवाल्याला तसेच ‘एन्ट्री’चेही. या दोन रकमा कोणत्याच पावतीवर नसतात. तोडणीच्या महागाईवर बोलायचे तर तिथून सुरुवात करावी.

वार्ताहराने भर दुपारी फडात माइक पुढे करून काही हाती लागत नाही. मुकादम शेजारी उभा असताना उचलीचा आकडा कोण सांगेल? संध्याकाळी चूल पेटल्यावर कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीवर जावे, माइक तोंडापासून वीतभर ठेवावा, वारा पाठीवर घ्यावा. कारखान्याच्या वजनकाट्याची पावती आणि मुकादमाच्या वहीतले पान शेजारी शेजारी ठेवून पाहावे. टनांचा आकडा तिथेच फसतो. बाईला वेगळे विचारावे, कारण उचल आणि हिशेब सहसा पुरुषाच्या नावावर असतो आणि अर्धा कोयता मात्र तिचा असतो. आणि एका वाक्यात एकच आकडा. वाचक मागची ओळ पुन्हा वाचतो, श्रोत्याला तशी सोय नाही.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, हे खरे. पण हवामान, वीज-पाण्याच्या सूचना आणि रोजगाराच्या संधी सांगायला परवानगी आहे. मग दसऱ्याच्या आधी महिनाभर ‘तोडणीला जोड्या हव्यात, सेंटर अमुक, टनाला इतके, खर्ची इतकी, खाड्याला दंड इतका’ एवढे तरी सांगावे. अर्ध्या मिनिटात बसते.

– एक श्रोता, केज (जि. बीड)