अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या खोलीच्या ॲग्रीमेंटवर सही कोण करणार?

संपादक महोदय,

दहावी-बारावीचा निकाल लागला की बालगृहातल्या मुलांच्या यशाच्या बातम्या तुम्ही आवर्जून छापता, वाचून बरं वाटतं. पण तोच मुलगा अठराचा झाला की त्याला संस्था सोडावी लागते, मग तो राहतो कुठे, जेवतो कुठे, ह्यावर कधीच काही येत नाही म्हणून लिहितेय.

मी रविवारी एका बालगृहात गणित शिकवायला जाते. तिथल्या मोठ्या मुलांना परीक्षेपेक्षा जास्त टेन्शन असतं ते ‘बाहेर गेल्यावर’चं. आपल्या घरातला अठराचा मुलगा नुसता परगावी निघाला तरी आपण पोहोचलास का म्हणून चार फोन करतो आणि ह्यांना मात्र एका ठरलेल्या तारखेपासून सगळं एकट्याने जमायला हवं. बरं ती तारीख तरी खरी असते का, तर सापडलेल्या मुलांचं वय बऱ्याचदा वैद्यकीय तपासणीवरून अंदाजे ठरवलेलं असतं, त्यामुळे अठरा वर्षं ऐन बारावीच्या प्रॅक्टिकलच्या तोंडावरसुद्धा ‘पूर्ण’ होऊ शकतात.

कायदा आहे की. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना आर्थिक मदतीची सोय आहे, 21 व्या वर्षापर्यंत अनुरक्षण (म्हणजे संस्था सोडल्यावर पायावर उभं राहीपर्यंतचा आधार) मिळू शकतं, अपवाद म्हणून 23 पर्यंत, मिशन वात्सल्य ह्या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत त्यासाठी महिना 4000 रुपये धरलेत. पण ते कलम मदत द्यायची मुभा देतं, सक्ती करत नाही. अनुरक्षण गृहं प्रत्येक जिल्ह्यात नाहीत, आणि मोठ्या शहरात 4000 मध्ये कॉट बेसिसवर जागा मिळाली तरी नशीब म्हणायचं, वर डिपॉझिट आणि मेस वेगळी.

आणि पैसे जमले तरी गाडी अडते ती कागदावर. आमच्या इथून बाहेर पडलेल्या एका मुलाला नोकरी लागली, जॉइनिंगच्या फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्टच्या रकान्यात त्याने संस्थेचा लँडलाईन लिहिला तर समोरच्या मॅडम म्हणाल्या इथे नातेवाईकाचा नंबर टाका. त्याने शेवटी रूममेटला चुलतभाऊ केलं, हसत हसत सांगत होता. खोली बघायला गेला तर एजंटने आईवडिलांचं आधार मागितलं. त्याच्या स्वतःच्या आधारला मोबाईल नंबर होता जुन्या अधीक्षकांचा, त्यांची बदली झालेली, म्हणजे ओटीपी जाणार त्यांना आणि हा बँकेत उभा. मुलींचं तर विचारूच नका, गार्डियन कोण विचारल्यावर उत्तर नसलं की दार तिथेच बंद.

महाराष्ट्रात अनाथांना 1 टक्का आरक्षण 2018 पासून आहे, चांगलीच गोष्ट आहे, पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. ते संस्थेत असतानाच हातात पडलं तर ठीक, नाहीतर नोकरी सांभाळून ऑफिसांच्या पायऱ्या झिजवा. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी पुढचा आराखडा बालकल्याण समितीकडे द्यायचा म्हटलंय. दोन महिन्यांत काय होणार, बँक खातं, आधार, डोमिसाईल, अनाथ प्रमाणपत्र, एखादा कोर्स, हे सगळं सोळाव्या वर्षापासून सुरू करायला हवं, आणि महिन्याचा खर्च स्वतः चालवायची सवयसुद्धा, कारण ज्याने कधी किराणा आणला नाही, लाईट बिल भरलं नाही त्याला पहिला पगार दहा दिवस पुरतो, त्यात त्याची काय चूक.

वाचकांनाही सांगायचंय. वाढदिवसाला केक घेऊन येणारे भरपूर आहेत (फोटो मात्र टाकू नका, ह्या मुलांची ओळख जाहीर करायला कायद्याने मनाई आहे). त्यापेक्षा संस्थेच्या परवानगीने एकाच मोठ्या मुलाशी किंवा मुलीशी ओळख ठेवा, तो बाहेर पडल्यावर इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये तुमचा नंबर लिहू दे, खोली बघायला सोबत जा, सणाला घरी बोलवा. कुणाला जास्त झेपणार असेल तर प्रतिपालकत्वाचीही सोय आहे, म्हणजे दत्तक न घेता मूल आपल्या घरी सांभाळायचं. संस्थेतल्या सहा वर्षांवरच्या मुलांसाठी ती आहे आणि 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार लग्न न झालेल्या, घटस्फोटित किंवा विधवा व्यक्तीलाही अर्ज करता येतो, फक्त एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करायची.

संपादकसाहेब, तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. आपल्या जिल्ह्यात ह्या वर्षी किती मुलं अठराची होऊन बाहेर पडतायत आणि त्यातल्या कितींना अनुरक्षण मंजूर झालंय, हा आकडा त्याच कक्षाकडून घेऊन छापाल का? माझ्यासारखीने विचारलं तर माहिती अधिकारात अर्ज करा म्हणतात, तुमच्या बातमीदाराला कदाचित चहा पाजून सांगतील.

आपली,
एक नियमित वाचक