बुबुळाचा नकाशा काढणारं यंत्र चादरीखाली ठेवू नका

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

मी ऑप्टोमेट्रिस्ट. हडपसरला माझं चष्म्याचं दुकान आहे. सरकारी रुग्णालयात पडून राहिलेल्या या यंत्राबद्दल लिहितोय. गेल्या जूनमध्ये एक बाई अकरावीतल्या मुलाला घेऊन आल्या. वर्षातला तिसरा चष्मा. "दुकानं बदलून बघितली, नंबर काही बसेना," म्हणाल्या. रेटिनोस्कोपने, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायच्या उपकरणाने पाहिलं, तर डोळ्यातली चमक कात्रीच्या पात्यांसारखी उघडमीट करत होती. सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर, दीडवरून चारवर गेलेला. आणि पोरगा समोर बसल्या बसल्या मुठीने डोळा चोळतोय.

हा केराटोकोनस. डोळ्याची पुढची काच, म्हणजे कॉर्निया (बोलण्यात आपण बुबुळच म्हणतो), जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. ती पातळ होत शंकूसारखी पुढे येते. सुरुवात बहुधा वयात येताना, आणि चोळण्याने दुखणं बळावतं. आमच्याकडची धूळ आणि ॲलर्जी तुम्हाला सांगायला नको.

पण कात्री दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याआधी ओळखायचं, तर कॉर्नियाचं स्कॅनिंग हवं. हनुवटी टेकवायची, दिव्याकडे बघायचं, पापणी मिटायची नाही. काही सेकंदांत रंगीत नकाशा समोर. सुई नाही, डोळ्याला साधा स्पर्शही नाही. यातली साधी यंत्रं बुबुळावर पडलेल्या गोल कड्यांचं प्रतिबिंब मोजतात. त्यातून फक्त पुढचा पृष्ठभाग कळतो. शाइम्पफ्लुग कॅमेरा (तिरप्या कोनातून कॉर्नियाचे छेद टिपणारा) किंवा ओसीटी (प्रकाशाने आतले थर दाखवणारं स्कॅनिंग) मागची बाजू आणि जागोजागची जाडीही दाखवतात, आणि बिघाड बरेचदा मागेच आधी दिसतो. तेव्हा निविदा काढताना स्वस्तातलं घेऊन मोकळं होऊ नका.

जाडीला एवढं महत्त्व का? रायबोफ्लेविनचे (बी-२ जीवनसत्त्वाचे) थेंब घालून अतिनील किरण देण्याचा क्रॉसलिंकिंग हा उपचार आहे. त्याने नंबर जात नाही, पण बहुतेकांचा आजार तिथेच थांबतो. मात्र कॉर्निया ४०० मायक्रॉनच्या (०.४ मिलिमीटरच्या) खाली गेला, की त्याची नेहमीची पद्धत वापरता येत नाही.

त्या मुलाला मी एका सरकारी रुग्णालयात पाठवलं. यंत्र होतं, त्यावर चादर होती. चालवणाऱ्याची बदली झालेली. दोन खेपा झाल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली. खासगीतल्या तपासणीचे पैसे जमेपर्यंत दिवाळी उलटली. रिपोर्ट माझ्याकडे आणला तेव्हा उजव्या डोळ्यातली सर्वांत पातळ जागा ३८२ मायक्रॉन होती.

अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे. मोतीबिंदूची शिबिरं आमच्या भागातही होतात, चांगली होतात. पण मोतीबिंदू बहुतेक उतारवयातला. हे दुखणं दहावी-बारावीच्या पोरांचं.

पुणे जिल्ह्यातल्या कोणत्या सरकारी रुग्णालयात असं यंत्र आहे आणि ते कोणत्या वारी चालतं, हे जाहीर करा. यंत्राबरोबर टेक्निशियनचं पद आणि देखभालीचा करार मंजूर करा. नुसत्या यंत्राची फीत कापण्यात अर्थ नाही. आणि आम्हा चष्मेवाल्यांची चिठ्ठी चालू द्या. सिलिंडर उड्या मारतोय हे सगळ्यांत आधी आमच्याच खुर्चीत कळतं, पण आमच्या कागदाला खिडकीवर कुणी विचारत नाही.

त्या मुलाची धाकटी बहीण आठवीत आहे. परवा तिचा नंबर काढला, सिलिंडर एकने वाढलाय. तिला कुठे पाठवू, तेवढं कळवावं.

आपला,
हडपसरचा एक चष्मेवाला